ओल कोणाची, बोल कोणाला?

पुण्याच्या एका उपनगरातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला निमंत्रित म्हणून उपस्थित राहण्याचा योग मध्यंतरी आला. विषयपत्रिकेवर हिशेब, लिफ्टची दुरुस्ती आणि निवडणूक असे नेहमीचेच विषय होते. परंतु सभेचे दोन तास खर्ची पडले ते एका मोरीवर. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या न्हाणीघरातून खालच्या बिऱ्हाडात पाणी पाझरत होते. खालच्या गृहस्थांच्या छताचे पोपडे सुटले होते, भिंतीवर काळी बुरशी चढली होती आणि घरातल्या लहान मुलाचा खोकला हटत नव्हता. शिक्षकांनी दोनदा फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले होते, तिसऱ्यांदा सिलिकॉन लावले होते. ओल मात्र जागची हलली नव्हती.

सभेत आवाज चढले. खालच्यांनी वरच्यांना 'बेजबाबदार' म्हटले, वरच्यांनी खालच्यांवर 'पैसे उकळण्याचा डाव' असल्याचा आरोप केला. सचिवांनी उपविधींचे पुस्तक उघडले आणि न्हाणीघर वा शौचालयातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाने सोसायचा, असा नियम वाचून दाखवला. सभेने हुश्श केले व पुढचा विषय घेतला. ही इमारत ताब्यात येऊन किती वर्षे झाली, हा प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही. सभा संपल्यावर मी तो विचारला. उत्तर आले, चार वर्षे आणि सात महिने.

या उत्तरातच साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. ज्यांनी आयुष्याची पुंजी एका सदनिकेत घातली अशी दोन कुटुंबे एकमेकांची तोंडे पाहीनाशी झाली होती आणि ज्याने ती मोरी बांधली तो सभेच्या बोलण्यात कोठेच नव्हता. असा प्रसंग आज शहरोशहरी, नव्या कोऱ्या इमारतींतून घडतो आहे. म्हणून एका घरच्या गळतीवर सार्वजनिक पत्रात लिहिणे अस्थानी ठरू नये.

प्रथम गळती होते कशी, ते समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानावरच फसवणूक पोसली जाते. चकचकीत टाइल्स बसवल्या म्हणजे पाणी अडले, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. टाइल पाणी शोषत नसेल, पण दोन टाइल्समधला सिमेंटचा सांधा ते शोषतो. पाणी अडवण्याचे खरे काम टाइलखालच्या जलरोधक थराचे असते. आपल्याकडे न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खोलगट ओततात. त्या खोलगट भागावर जलरोधक थर द्यायचा, तो भिंतीवरही पुरेसा वर चढवायचा, त्यावरून नळ न्यायचे, विटांच्या तुकड्यांचा कोबा वा दुसरी हलकी भर घालायची, नहाणी ट्रॅपकडे उतार काढायचा आणि मग टाइल्स बसवायच्या, असा हा क्रम आहे. शॉवरखाली भिंत डोक्याच्या उंचीपर्यंत भिजते, तेव्हा तेथे थरही तितका वर गेला पाहिजे.

या क्रमात चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ट्रॅपच्या कडेचा सांधा नीट भरलेला नसतो. भिंत व तळ जेथे मिळतात त्या कोपऱ्यात थर तुटलेला असतो. थर दिल्यानंतर येणारा नळकारागीर त्यालाच भोके पाडतो आणि ती बुजवण्याचे काम कोणाचे, हे कोणी ठरवलेले नसते. टाइलखाली मसाला सर्वत्र न पसरता चार गोळे ठेवून ती चिकटवलेली असते आणि त्या पोकळीत पाणी साचते. उतार ट्रॅपकडे असण्याऐवजी दाराकडे असतो. एकदा का खोलगट भागातील भर भिजली, की ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. म्हणूनच वरची मोरी दोन दिवस बंद ठेवली तरी खाली थेंब पडतच राहतो आणि 'आमच्या मोरीचे पाणी नव्हेच' असे वरच्यांना प्रामाणिकपणे वाटते. अशा वेळी वरून सांधे भरणे म्हणजे जखम तशीच ठेवून वर पट्टी बांधणे होय.

हा केवळ रंगाचा प्रश्न नव्हे. पाणी स्लॅबमधील सळयांपर्यंत पोचले की त्या गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे भोवतीचे काँक्रीट आतून फुटते आणि त्याचे ढलपे निखळू लागतात. इमारतीचे आयुष्य असे मोरीपासून कुरतडले जाते.

आता प्रश्न असा, की हे काम नीट का होत नाही? ते तंत्र काही कोणाला अवगत नाही असे नाही. काम पुरे झाल्यावर ट्रॅप बंद करून तळ पाण्याने भरायचा, तो दोन दिवस तसाच ठेवायचा आणि खालून पाहायचे, ही कसोटी प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असते. तिला लागते ते थोडे पाणी आणि दोन दिवसांचा वेळ. परंतु हा वेळच कोणी देऊ इच्छीत नाही. बांधकाम व्यावसायिक काम कंत्राटदाराला देतो, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला आणि तो मुकादमाला. शेवटी ज्याच्या हाती थापी येते त्या मिस्त्रीला चौरस फुटावर मजुरी मिळते. जितके चौरस फूट अधिक तितकी रोजी अधिक. थर वाळायला थांबला तर त्याची चूल थांबते. जे काम टाइलखाली कायमचे झाकले जाणार, त्यात काटकसर करण्याचा मोह वरच्या प्रत्येक पायरीला होतो. दर्शनी दालनातील आयात संगमरवराची मात्र जाहिरात होते. तेव्हा गळतीचा दोष मिस्त्रीच्या माथी मारून मोकळे होणे हा अन्याय आहे. दोष त्या पद्धतीचा आहे, जी घाईला मोल देते आणि कसोटीला देत नाही.

कायदा या बाबतीत रहिवाशाच्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्रात 1963 च्या मालकी सदनिका कायद्याने दोषदुरुस्तीची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली होती. 2016 च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने ती अधिक स्पष्ट केली. त्याच्या कलम 14, पोटकलम 3 अन्वये संरचनेतील दोषच नव्हे, तर कारागिरी, दर्जा वा सेवांच्या तरतुदीतील दोषही, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रवर्तकाच्या नजरेस आणून दिला, तर तो त्याने तीस दिवसांत, जादा आकार न घेता, दुरुस्त करावयाचा आहे. न केल्यास रहिवासी भरपाईला पात्र ठरतो. कलम 31 प्रमाणे प्राधिकरणाकडे तक्रार एकट्याला करता येते, तशीच सदनिकाधारकांच्या संघटनेलाही करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळाच. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मग उपविधींतील त्या नियमाचे काय? तो नियम चुकीचा नाही. सभासदा-सभासदांत खर्च कोणी सोसावा, याचे तो उत्तर देतो. पण बांधणाऱ्याची जबाबदारी तो पुसून टाकीत नाही. सभासदांमधला नियम पुढे करून प्रवर्तकाला सोडून देणे, म्हणजे घर जळत असता शेजाऱ्याशी बादलीवरून भांडणे होय. त्या सभेने नेमके हेच केले आणि मुदतीचे पाच महिने उरलेले असताना केले.

यावर प्रवर्तकाचे उत्तर ठरलेले असते: 'रहिवाशांनी तोडफोड केली, देखभाल केली नाही.' हे म्हणणे सर्वस्वी खोटे असते असेही नाही. ताबा मिळताच टाइल्स उखडून नव्या बसवणारे, भिंतीत भोके पाडून गिझर टांगणारे रहिवासी आपल्यातही आहेत, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आपला पुरावा नष्ट केलेला असतो. तेथे जबाबदारी त्यांनीच घेतली पाहिजे. न्याय मागणाऱ्याने आपला हिशेब आधी स्वच्छ ठेवावा लागतो. पण ज्या शिक्षकांनी भिंतीत एक खिळाही ठोकला नाही, त्यांना हे उत्तर देता येणार नाही.

म्हणूनच निदान आधी आणि भांडण नंतर, असा क्रम असावा. प्रथम शॉवर व नळ वापरायचे थांबवून भर निथळू द्यावी. त्याला कित्येक दिवस लागतात. वापर पूर्ण बंद असूनही ओल वाढतच राहिली, तर दाबाच्या नळाचा संशय घ्यावा. मग तळ न भिजवता पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडावे. त्याने थेंब सुरू झाला तर दोष निचऱ्याच्या नळीत वा तिच्या सांध्यात. नंतर ट्रॅप बंद करून तळ भरून ठेवावा, आणि अखेरीस फक्त भिंतीवर पाणी मारून पाहावे. प्रत्येक पायरीला तारीख लिहावी, छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही बिऱ्हाडांनी त्यावर सही करावी. त्यानंतर प्रवर्तकाला लेखी नोटीस द्यावी, तीही पाच वर्षे पुरी होण्याच्या आत. तोंडी सांगितलेले आणि दूरध्वनीवरून कबूल झालेले काहीही उपयोगी पडत नाही. दुरुस्तीला माणसे आली, तर केवळ सांधे भरून त्यांना परत जाऊ देऊ नये. थर पुन्हा दिला पाहिजे आणि आपल्यासमोर पाण्याची कसोटी झाली पाहिजे.

पण एकेका घराने लढून हा प्रश्न सुटणार नाही. एका इमारतीत एकाच हाताने, एकाच घाईने शंभर मोऱ्या बांधल्या गेलेल्या असतात. एक गळू लागली की इतरांची पाळी दूर नसते. म्हणून चौथ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने सर्व न्हाणीघरांची पाहणी करून एकत्रित यादी प्रवर्तकाला द्यावी, हे कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून सांगितले पाहिजे. शासनाकडेही आपली मागणी स्पष्ट हवी: भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येक न्हाणीघराच्या पाणी-कसोटीची, तारीख व जबाबदार अभियंत्याची सही असलेली नोंद घेतली जावी आणि तिची प्रत ताब्याच्या कागदांबरोबर घरमालकाला मिळावी. आणि हे थर देणारा कारागीर प्रशिक्षित असावा, त्याला चौरस फुटावर नव्हे तर रोजावर मजुरी मिळावी.

गोरेगावात मृणालताई गोरे यांनी नळाला पाणी यावे म्हणून स्त्रियांना संघटित केले आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. त्यांनीच पुढे सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषदेच्या द्वारे सामान्य माणसांची घरेही उभी केली. पाणी आणि निवारा या दोन्हींना त्यांनी कधी खासगी अडचण मानले नाही. नको तेथे येणाऱ्या पाण्याकडेही आपण त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

सभेनंतर त्या दोघा शेजाऱ्यांना मी एका टेबलाशी बसवले. नोटिशीचा मसुदा शिक्षकांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिला आणि खालच्या गृहस्थांनी त्याखाली पहिली सही केली. ओल अजून वाळलेली नाही. पण बोल आता योग्य ठिकाणी गेला आहे, आणि जिन्यात भेटले की ते दोघे पुन्हा एकमेकांशी बोलतात.