विमान-कार्डाचा हिशेब

उजळाईवाडीच्या विमानतळावरील नव्या इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. रात्रभर रेल्वेने मुंबई गाठणाऱ्या कोल्हापूरकराला विमान आता पूर्वीइतके परके राहिलेले नाही. या नव्या प्रवाशासाठी बँकांनी विमान-कार्डाचे आमिष मांडले आहे. वार्षिक फी पाच हजारांच्या घरात; बदल्यात तिकिटासाठी पॉइंट, मोठ्या विमानतळांवरील विश्रामकक्षात प्रवेश आणि पहिल्या वर्षी स्वागताची भेट. ठरलेल्या तारखेला पगार आणि वेळच्या वेळी हप्ते फेडण्याची सवय, यांमुळे शिक्षक आणि कारकून हे बँकांना हवेहवेसे ग्राहक वाटावेत हे स्वाभाविकच. प्रश्न असा की, ही फी त्यांना परवडते काय?

पाच हजारांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला म्हणजे खर्च ५,९०० रुपये होतो. हे कार्ड शंभर रुपयांच्या खरेदीमागे दोन रुपयांचे तिकीट-मूल्य देते, असे उदार मनाने गृहीत धरले, तरी तुलना शून्याशी करावयाची नाही. फी नसलेले साधे कार्डही शंभराला एक रुपया परत देऊ शकते. म्हणजे जादा लाभ शेकडा एकच. तेवढ्यावर ५,९०० रुपये वसूल होण्यास वर्षाला ५,९०,००० रुपयांची, म्हणजे दरमहा सुमारे ४९,००० रुपयांची खरेदी कार्डावर व्हावी लागते. घरकर्जाचा हप्ता कार्डावर जात नाही. पेट्रोल, घरभाडे यांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत. दूध-भाजीचा व्यवहार रोखीचा किंवा यूपीआयचा. मग उरलेल्या पगारात एकोणपन्नास हजारांची खरेदी कोठून आणावयाची? ती आणण्यासाठी गरज नसलेल्या वस्तू घरात येऊ लागतात, आणि कार्डाचा खरा धंदा तेथून सुरू होतो.

कारण बाकी राहिली की व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर घातलेली तीस टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली. महिन्याला साडेतीन टक्के हा दर सर्रास आढळतो. ५०,००० रुपयांची बाकी एक महिना राहिली, तर व्याजाचे १,७५० आणि त्यावरील कराचे ३१५ मिळून २,०६५ रुपये गेले. वर्षाच्या फीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम एका विसराळूपणात! एकाच्या मोफत तिकिटाचा काही भार दुसऱ्याच्या थकबाकीवर पडतो, तर काही दुकानदारावर. कार्डाच्या विक्रीवर दुकानदाराला दीड-दोन टक्के सोडावे लागतात, आणि ते तो शेवटी मालाच्या किमतीतच धरतो.

विमान-कार्ड म्हणजे वस्तुतः एका कंपनीशी निष्ठेचा करार. पण निष्ठेला निवड लागते. कोल्हापूरहून सुटणारी विमाने मोजकी. ज्या मार्गावर आणि ज्या दिवशी जे विमान असेल, त्याने जावयाचे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, येथे धावपट्टी झाली हे भूषणाचेच; पण नियमित सेवेचा इतिहास खंडित आहे. 'उडान' योजनेखाली २०१८ मध्ये एअर डेक्कन आली, २०१९ मध्ये ट्रूजेट आली. पुढे दोन्ही कंपन्यांची उड्डाणेच थांबली. अशा गावी पाच हजार भरून एकाच कंपनीशी बांधून घेणे, हा व्यवहार नव्हे, भाबडेपणा होय.

मोठ्या शहरांतही निष्ठेची परतफेड निश्चित नाही. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची पॉइंट-योजना नाव बदलून उरली, विमान मात्र उरले नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट 'महाराजा क्लब'कडे वर्ग झाले आणि विस्ताराच्या नावाची नवी कार्डे देणे बंद झाले. पॉइंट हे असे चलन आहे की, त्याची टांकसाळ आणि त्याचा भाव दोन्ही एकाच हाती. किती पॉइंटांना तिकीट द्यावयाचे, हे कंपनी केव्हाही बदलू शकते. विश्रामकक्षाच्या प्रवेशालाही अनेक बँकांनी तिमाही खर्चाची अट जोडली आहे. पतसंस्थेचा लाभांश दोन टक्क्यांनी घटला, तर कोल्हापूरचा सभासद वार्षिक सभेत संचालकांना धारेवर धरतो. पॉइंट अर्ध्यावर आले, तर सभा कोठे भरवावयाची?

हे कार्ड कोणालाच लाभत नाही, असे नव्हे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा कारखानदार महिन्यातून दोनदा दिल्ली-चेन्नईला जातो, त्याला ते फायद्याचे ठरेल. मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांनाही, तिकिटाच्या वर्षापुरते, ठरू शकेल. मात्र तेथेही स्वागताची भेट पहिल्या वर्षापुरतीच, हे विसरून चालणार नाही. खरा निर्णय दुसऱ्या वर्षाची फी लागण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. त्या वेळी बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती तिकिटे मिळाली, हे रुपयांत मांडून पाहावे. कार्ड बंद करण्याची विनंती, बाकी चुकती असल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत पुरी न केल्यास बँकेने ग्राहकाला दररोज ५०० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.