ओटकेक आणि 'हे तर आपलंच!'

मंडळी, आधी एक गुन्हा कबूल करतो आणि मग पुढे जातो.

आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. मामा, मावश्या, आत्या, त्यांची मुलं, सुना, जावई असे सगळे मिळून त्रेचाळीस जण. काही दिवसांपूर्वी त्यावर एक निरोप आला. "इंग्रजांनी आपली आंबोळीसुद्धा सोडली नाही! हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या सैनिकांनी ती इंग्लंडात नेली आणि आज तिकडे ती ओटकेक या नावाने विकली जाते. अभिमान वाटला तर पुढे पाठवा." खाली तिरंगा, वर 'अनेकदा पुढे पाठवलेला' असा शिक्का. आता गंमत अशी, की तिरंगा आणि ते शेवटचं वाक्य सोडलं तर या निरोपाचा मूळ लेखक म्हणजे अस्मादिक. दीडेक वर्षापूर्वी मीच तो याच ग्रुपवर टाकला होता. बिचारा कुठे कुठे तीर्थयात्रा करून घरी परतला, आणि येताना तिरंगा घेऊन आला.

आणि तो साफ चुकीचा आहे.

त्याचं झालं असं. मी इथे साउथहॅम्प्टनला यंत्रांच्या कंपनांवर संशोधन करतो. पीएच.डी.साठी आलो आणि इथलाच झालो. आमच्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ आहेत, निवृत्तीला आलेले, मूळचे स्टोक-ऑन-ट्रेंटचे. स्टोक म्हणजे इथून उत्तरेला साधारण पावणेतीनशे किलोमीटरवरचा कुंभारांचा मुलूख. वेजवूडच्या जगप्रसिद्ध कपबश्या त्याच भागातल्या. तर एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत या गृहस्थांनी डबा उघडला आणि मी उडालोच. आत चक्क आंबोळी! तपकिरी, मऊ, जाळीदार, दुमडलेली, आत वितळलेलं चीज.

"अहो, ही तर आमच्याकडची!" मी म्हणालो.

"तुमच्याकडचीच," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या पलटणी हिंदुस्थानात होत्या. तिथे त्यांना चपातीची चटक लागली. परत आल्यावर त्यांनी ती ओटच्या पिठाची करून बघितली."

झालं! माझी छाती दोन इंच फुगली. एरवी कोणी माझ्यापुढे एखादं मोजमाप आणून ठेवलं, तर मी आधी उपकरणाच्या कॅलिब्रेशनचा कागद मागतो. इथे मागितला नाही. का? कारण उत्तर माझ्या आवडीचं होतं. त्याच संध्याकाळी निरोप रवाना.

आता हा ओटकेक म्हणजे काय ते सांगतो. नावात केक असला तरी केकशी काही संबंध नाही. स्कॉटलंडचा ओटकेक म्हणजे कडक बिस्किट. तोही हा नव्हे. स्टॅफर्डशायरचा ओटकेक म्हणजे ओटचं पीठ आणि गव्हाचं पीठ यीस्ट घालून आंबवायचं आणि तव्यावर पातळ पसरून दोन्ही बाजूंनी भाजायचं. स्टोकची मंडळी रविवारी सकाळी डझनाच्या हिशोबात आणतात आणि आत चीज, बेकन, सॉसेज असं काहीबाही घालून खातात. साउथहॅम्प्टनच्या दुकानांत मला तो कुठे दिसला नाही. आमचे तंत्रज्ञ घरी गेले की तीन-चार डझन आणून फ्रीझरमध्ये रचून ठेवतात. तुम्ही-आम्ही सुट्टीवरून परतताना बॅगेत भाजणी आणि मेतकूट कोंबतो ना, अगदी तस्सं! देश न सोडताही माणूस परदेशी होऊ शकतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

मग म्हटलं, घरीच करू. प्रमाण लिहून घ्या. ओटचं बारीक पीठ २०० ग्रॅम (भारतात असाल तर पाकिटातले साधे ओट्स मिक्सरला फिरवा), कणीक १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, सुकं यीस्ट ५ ग्रॅम, अर्धा चमचा साखर, एक चमचा मीठ, आणि निम्मं दूध निम्मं पाणी असं ८५० मिली कोमट. सगळं एकत्र करून तासभर झाकून ठेवायचं. इथल्या थंडीत मी पातेलं बॉयलरच्या कपाटात ठेवतो. वर फेस आला की ढवळून तापल्या तव्यावर एक डाव ओतायचा आणि गोल पसरायचा. कड सुटली की उलटायचा. वीतभर व्यासाचे दहा-बारा होतात.

पहिला घाणा तव्यालाच चिकटला. दुसरा फाटला. पातेल्यातलं पीठ बसून बसून घट्ट झालं होतं. ओट पाणी शोषतात आणि त्यांच्यातला चिकट तंतुमय पदार्थ खळीसारखा दाट होतो. पुन्हा थोडं पाणी घातलं तेव्हा कुठे जाळी पडली. जाळी का पडते? गव्हात ग्लुटेन असतं, त्याच्या जाळ्यात यीस्टचा वायू अडकतो म्हणून पाव फुगतो. ओटमध्ये ते नाही. निम्मं गव्हाचं पीठ असलं तरी इतक्या पातळ पिठात वायू अडवण्याचा त्याला दम नाही. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि भोकं तेवढी मागे राहतात. म्हणून हा प्रकार चपटाच राहणार. नाचणीचं, ज्वारीचं, तांदळाचंही तेच. ज्या धान्याला फुगता येत नाही त्याची माणसं भाकरी करतात किंवा आंबोळी करतात. तिसरा मार्ग फारसा नाही.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ओट आणि तवा दोन्ही घरात असताना हे सुचायला स्टोकच्या कुंभाराला हिंदुस्थानापर्यंत कशाला जायला हवं होतं?

मग जो कागद आधी मागायला हवा होता तो मागितला. सॅम्युअल जॉन्सन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, इंग्रजीचा थोर कोशकार. त्याच्या १७५५ सालच्या कोशात ओट या शब्दाचा अर्थ देताना त्याने टोमणा मारून ठेवला आहे, की हे धान्य इंग्लंडात घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसं. त्याचा चरित्रकार बॉस्वेल पडला स्कॉटिश, त्याला हे झोंबलेलं. १७७६ साली तो जॉन्सनबरोबर त्याच्या जन्मगावी, लिचफील्डला गेला, आणि सकाळी न्याहारीला समोर काय यावं? मऊ ओटकेक! जॉन्सनच्याच गावची माणसं घोड्यांचं धान्य आवडीने खाताना बघून आपल्याला केवढा आनंद झाला, ते बॉस्वेलने लिहून ठेवलं आहे. आणि हे लिचफील्ड कुठे आहे म्हणाल, तर स्टॅफर्डशायरमध्ये.

१७७६ म्हणजे पुरंदरच्या तहाचं वर्ष. पुण्यात पेशवाई नांदत होती. आणि ज्या नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंटचं नाव या गोष्टीत घेतात, ती त्या नावाने उभी राहिली १८८१ साली. चपाती बघून आलेल्या शिपायांच्या कितीतरी आधी ओटकेक न्याहारीच्या ताटात होता. निकाल लागला.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. 'आपल्याकडून गेलं' या वाक्यात एक ऊब असते, परदेशात राहणाऱ्याला तर जास्तच. ज्या देशात तुमचं नाव कोणाला धड उच्चारता येत नाही, तिथे समोरच्याच्या ताटात आपली खूण सापडली की बरं वाटतं. आणि काही गोष्टी खरोखर गेल्या आहेतच. इथे केजरी नावाचा भात, मासे आणि अंड्यांचा पदार्थ आहे, तो आपल्या खिचडीवरून आला. पण एक गेलं म्हणून सगळंच गेलं असं होत नाही.

माझं मत असं, की हा 'आपलंच'चा हट्ट आपल्याला एका जास्त चांगल्या गोष्टीला मुकवतो. ओट का? तर थंड, ओल्या, डोंगराळ, निकस जमिनीत गहू नीट येत नाही, ओट येतो. नाचणी का? तर कोकणातल्या वरकस उतारावर भात उभा राहत नाही, नाचणी राहते. दोन गरीब मुलूख, एकमेकांना न भेटता, एकच उत्तर शोधून बसले. शास्त्रात दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला तर त्याचं वजन वाढतं. एकाने दुसऱ्याची वही बघून उतरवलं असं ठरवलं तर दोघांचीही अक्कल कमी होते. "चोरलं" म्हणताना मी स्टोकच्या कुठल्यातरी आजीबाईची अक्कल कमी करत होतो.

आणि मूळ कुठलं याचाच हिशोब मांडायचा, तर वडापावाचं काय करणार? बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून आली, पावाचं नावच पोर्तुगीज. तरी वडापाव आपला नाही असं दादरला उभं राहून म्हणून दाखवा! तो आपला आहे, कारण आपण तो रोज करतो आणि खातो. पदार्थ करणाऱ्याचा असतो.

आमच्या तंत्रज्ञांकडूनच ऐकलं. पूर्वी स्टोकमध्ये घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडून खिडकीतून ओटकेक विकायची पद्धत होती. असं शेवटचं दुकान हॅन्ली भागात होतं, 'होल इन द वॉल' नावाचं. म्हणजे भिंतीतलं भोकच. परिसराच्या पुनर्विकासात २०१२ च्या मार्चमध्ये तेही बंद झालं. ओटकेक अजून तिकडे मिळतात, पण खिडकी गेली. हे सांगताना ते म्हणाले, "मला खायला येतात रे, करायला येत नाहीत. आई करायची, तेव्हा मी बघितलंच नाही." मी घरी केलेले चार त्यांना नेऊन दिले. चवीने खाल्ले आणि मग म्हणाले, जरा जाड झालेत.

घरी केलेल्यांचा फोटो मी आईलाही पाठवला होता. तिचा लगेच फोन.

"छान झालेत रे. पण तुला आंबोळी येते का?"

येत नव्हती! इंग्रजांवर चोरीचा आळ घेणाऱ्या माणसाला चोरीला गेलेली वस्तू करता येत नव्हती. आईला प्रमाण विचारलं तर म्हणे, "अंदाजाने." अंदाज या एककाचं ग्रॅममध्ये रूपांतर कसं करायचं, हे पीएच.डी.त शिकवत नाहीत.

म्हणून गेल्या डिसेंबरात डोंबिवलीला गेलो तो बॅगेत वजनकाटा घेऊनच. आई हसली, पण बसली. तांदूळ तीन वाट्या, भरले ५०० ग्रॅम. उडीद डाळ तीन मुठी. ती मूठ मी तिला पाच वेळा भरायला लावली. ४१, ४२, ४१, ४०, ४२ ग्रॅम! आमच्या प्रयोगशाळेतले काही सेन्सर इतके नेमके उत्तर देत नाहीत. अंदाज म्हणजे मोघमपणा अशी माझी समजूत होती. तो पन्नास वर्षं कॅलिब्रेट केलेला हात निघाला. तवा कांद्याच्या फोडीने पुसायचा असतो हेही तेव्हाच कळलं. (पुढचा ओटकेक एकही चिकटलेला नाही.)

"आणि आजीची नाचणीची?" मी विचारलं.

आई थोडा वेळ गप्प. "ती मला नाही येत. लग्न होऊन इथे आले तेव्हा नाचणी खाल्ली तर लोक हसायचे. मी विचारलंच नाही तिला."

आजी कुडाळची. ती २०१५ साली गेली, मी तेव्हा इथे थीसिस लिहीत होतो. ती म्हणायची, "पीठ हाताक कळता रे झिला, डोळ्यांक कळणा नाय." २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, आता नाचणी चकचकीत पाकिटात मिळते. पण जो हात ती ओळखत होता तो गेला, आणि तो कोणा इंग्रजाने नेला नाही.

असो. तो तिरंगेवाला निरोप परत आला तेव्हा मी त्याखाली दुरुस्ती लिहिली. ओटकेक आपला नाही, माझी चूक झाली, आणि ही घ्या आईच्या आंबोळीची प्रमाणं, ग्रॅममध्ये. दुरुस्ती कोणी पुढे पाठवली नाही, ते अपेक्षितच होतं. एका भाच्याने अंगठा दाखवला. रात्री उशिरा कुडाळच्या मावशीचा निरोप आला.

"आय नाचणीच्या पिठात शिळो भात वाटून घालायची. ह्या माका कोणी इचारलांच नाय."

मी लगेच विचारलं, भात किती?

"अंदाजान."

वजनकाटा बॅगेतच ठेवला आहे. पुढच्या खेपेला कुडाळ.