नाक्यावरची बंदूक

नाकाबंदीवरील पोलिसाने गोळी केव्हा झाडावी, यावर वाद पुष्कळ होतात. त्याआधीचा प्रश्न रायगडच्या किनाऱ्याने विचारून ठेवला आहे. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला उतरलेली शस्त्रास्त्रे घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. कायद्याचे बळ हाती होते. तरीही लाचेचा सौदा ठरला, तारण म्हणून चांदीच्या विटा घेतल्या गेल्या आणि माल पुढे गेला. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ जणांचा बळी गेला. नाका विकणाऱ्या पोलिसांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले.

दुसरा नाका गिरगाव चौपाटीचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री अडवलेल्या मोटारीतून गोळीबार होताच पोलिसांनी प्रत्युत्तर दिले. अबू इस्माईल ठार झाला. तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली आणि प्राणार्पण केले. म्हणूनच कसाब जिवंत सापडला व पाकिस्तानातील सूत्रधारांचा कट जगापुढे आला.

अटक करताना प्राण घेण्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमाने मर्यादा घातली आहे. ती योग्यच आहे. संशयावरून चाललेली गोळी निरपराध्याचा जीव घेते आणि पुरावाही पुसते. किनाऱ्याला हवा आहे तो न विकला जाणारा, प्रशिक्षित आणि शस्त्रसज्ज शिपाई. ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती, याचा विसर शासनाला पडू नये.