परत फिरायला लाज कसली?

'भिजायलाच तर आलोय, यार!' गेल्या जुलैत दादर स्टेशनवर मित्र हे म्हणाला आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दलच आज लिहायचं आहे.

मित्र मँचेस्टरहून आला होता. सोबत त्याचा मेहुणा आणि बारा वर्षांचा मुलगा. रायगड जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट होता, ते मी रात्रीच वाचलं होतं. तरी पहाटेची कर्जत लोकल पकडली. कर्जतहून आंबिवली आणि तिथून पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड. पेठ गावात एका मावशींनी चहा दिला आणि सांगितलं, 'आज वर जाऊ नका. ओढ्याला पाणी येईल.' आम्ही हसून वर गेलो. उतरताना तोच ओढा कमरेपर्यंत आला होता. मधोमध पोराचा पाय सुटला. पलीकडे गुरं घेऊन थांबलेल्या एका म्हाताऱ्याने काठी पुढे केली म्हणून तो हाती लागला. म्हातारबाबा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, 'तासभर थांबायचं ना. पाणी आपोआप उतरतं.'

आता दुसरी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी हाच मित्र मला वेल्समधल्या स्नोडनवर घेऊन गेला होता. उंची 1,085 मीटर. आदल्या रात्री त्याने शिखरावरच्या वाऱ्याचा अंदाज पाहिला, माझे बूट तपासले. अर्ध्या वाटेवर ढग उतरले तसा तो थांबला आणि म्हणाला, 'बस, परत.' मी मुंबईहून आलोय, पुन्हा कधी येणार, असं बरंच बोलून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. खाली येऊन आम्ही चहा प्यालो. आमच्यासारखे परतलेले आणखी कितीतरी जण तिथे बसले होते. कोणी कोणाला हसत नव्हतं.

तिथे तो यजमान होता आणि तो नाही म्हणाला. इथे यजमान मी होतो, आणि माझ्या तोंडून नाही निघालं नाही. पाहुण्याचं मन मोडू नये, ही आपली मेहमाननवाजी! मला विचाराल तर हा भित्रेपणा आहे. पाहुण्याला इथला ओढा माहीत नसतो, आपल्याला माहीत असतो. त्याची हौस पुरवण्याआधी त्याचा जीव सांभाळणं हा यजमानाचा फर्ज आहे.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या सय्यदनगरमधल्या कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. घरी लग्न होतं, पाहुणे आले होते, म्हणून सगळे मिळून फिरायला गेले होते. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. खाली काहींनी आडनाव वाचून शेरे मारले. त्यांची लाज त्यांना वाटो. पण आपल्या घरांत काय बोललं गेलं? 'मौत लिखी थी.' हे ऐकून मला शेऱ्यांइतकाच राग येतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तवक्कुल म्हणजे दोर बांधून मग केलेली दुआ. दोर न बांधता केलेल्या दुआला निष्काळजीपणा म्हणतात.

सरकारचं काय? भुशीनंतर पुणे जिल्ह्यात कलम 163 खाली मनाई आदेश निघाले. बंदी लावणं सोपं असतं, कारण त्यात कोणाला काही शिकवावं लागत नाही. जिल्ह्याचा अलर्ट ओढ्याबद्दल काहीच सांगत नाही. सह्याद्रीतले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. वर पाऊस कोसळला की अर्ध्या तासात फुगतात, थांबला की तसेच ओसरतात. हे पेठच्या मावशींना माहीत आहे. मग त्यांच्या गावातल्या माणसांना रोजगार देऊन पावसाळाभर वाटेच्या तोंडाशी बसवा. वाट आज चालू की बंद, ते ठरवायचा अधिकार त्यांना द्या. आंबिवलीत तसा फलक लावा. दादरहून लोकल पकडणाऱ्याला ते सकाळीच मोबाइलवर कळू द्या.

आणि 'माझा जीव, माझी मर्जी' म्हणणाऱ्यांनी इर्शाळवाडी आठवावी. 19 जुलै 2023 च्या रात्री ती वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, कित्येक माणसं मातीतच राहिली. ती कोणाच्या हौसेने मेली नव्हती, तिथेच राहणारी होती. तरी मदतीला चढताना नवी मुंबईहून आलेले एक अग्निशमन अधिकारी हृदयविकाराने गेले. पावसात डोंगर चढून कोणाला सोडवायचं म्हणजे काय, ते यावरून कळावं. आपण सेल्फीसाठी अडकतो तेव्हा हीच माणसं निघतात.

मग पावसात डोंगर पाहायचाच नाही का? जरूर पाहा. मीही जाणार. पण घरून निघतानाच ठरवा की कुठून परत फिरायचं आणि ते कोण सांगणार. गावात पहिल्या घरी विचारा. तिथल्या बाईने नाही म्हटलं तर चहा प्या, पैसे द्या आणि परतीची लोकल पकडा.

मित्र डिसेंबरमध्ये पुन्हा येतोय. त्याच्या मुलाने फोनवर विचारलं, 'चाचा, तो किल्ला पुन्हा?' मी म्हटलं, 'जाऊ. पण पेठच्या मावशी हो म्हणाल्या तरच.'