मन कुणाचं कुणाला कळत नाही?

माझे वडील गेले तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. एकोणीस वर्षांचा माझा ऑटिस्टिक भाचा आतून आला. त्याने ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, आपली जुनी चादर रडणाऱ्या आजीच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेला. पाठीवर हात नाही, शब्द नाही. शेजारच्या काकू हळहळल्या, "बिचाऱ्याला काही कळतच नाही."

काकू मनाच्या वाईट नाहीत. पण त्यांचंच मत शिकलेली माणसंही बोलून दाखवतात, आणि आपल्या भाषेने तर नावातच निकाल देऊन टाकलाय: स्वमग्न.

या मताचा भक्कम आधार म्हणजे बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांचा १९८५ सालचा प्रयोग. सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी बाहुली अ‍ॅन ती डब्यात लपवते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांचं उत्तर चुकलं. आकडे मला मान्य आहेत. पण दुसऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज बांधता न येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखाने आत काहीच न हलणं वेगळं. ही दुसरी गोष्ट त्या प्रयोगाने तपासलीच नव्हती. शिवाय उरलेल्या चौघांनी बरोबर उत्तर दिलं होतं, त्यांचं काय?

भाचा दुःखी असला की त्याला उजेड आणि आवाज सोसत नाही, तो चादरीत शिरतो. त्याला ज्याने बरं वाटतं ते त्याने आजीला दिलं. आणि आम्ही? तो घाबरला की त्याला कवटाळतो, "माझ्याकडे बघ" म्हणतो, कारण आम्हाला तसं बरं वाटतं. चूक दोघांची एकच, बोल मात्र त्यालाच. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये याला 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' म्हटलं.

"पण आम्ही सांभाळून घेतोच की!" असं कुणी म्हणेल. मग ठाण्याहून कल्याण लोकलमध्ये आमच्याबरोबर बसा. भाचा पुटपुटत असतो: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. भर गर्दीत त्याच्या शेजारची चौथी सीट रिकामी राहते. त्याच डब्यात भजनी मंडळाचे टाळ खणखणतात आणि लोक कौतुकाने ठेका धरतात. आवाज आपल्याला चालतो, फक्त तो ओळखीचा लागतो. सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की काही सेकंदांची चित्रफीत पाहूनच लोक ऑटिस्टिक माणसांपासून दूर राहू बघतात. त्यांचंच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तर ती नावड उरत नाही.

ऑटिस्टिक माणसं फार सोशिक असतात, असा माझा दावा नाही. भाच्याच्या वर्गातली एक मुलगी सतत गुणगुणते, ते त्याला असह्य होतं. आता तो कानांवर हेडफोन चढवून तिच्याच बाकावर बसतो. माझ्या बहिणीचा थकवाही खरा आहे. तिला मदत हवी, आणि ती मदत मुलाला आमच्यासारखं वागायला शिकवण्यापुरती असू नये.

त्या दिवशी काकू ट्यूबलाइट लावायला उठल्या. चादर छातीशी धरून आई म्हणाली, "राहू दे गं. असंच बरं वाटतंय."