जुन्या मोटारीचा योगक्षेम

संस्कृतांत योगक्षेम हा एक जोडशब्द आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. वर्गांत हा शब्द आला म्हणजे मुलें योगाचा अर्थ झटकन् सांगत. क्षेमापाशीं मात्र अडखळत. आमच्या समाजाचेंही कांहींसें तसेंच आहे. घर बांधावें, दागिना घडवावा, मोटार घ्यावी, पेढे वाटावेत, येथपर्यंत सर्वांचा उत्साह सारखा असतो. पुढें कौलें चाळण्याची वेळ आली कीं घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. या महिन्यांत आम्ही लिहिणार आहों तें अशाच एका क्षेमाविषयीं, म्हणजे घरांतील जुन्या मोटारीच्या रक्षणाविषयीं. मास्तरानें मोटारीवर लिहावें याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांत मोटार कोणा एकाची नसते. ती हांकणारा एक, तिचा खर्च देणारा दुसरा, आणि तिची वही ठेवणारा तिसरा असतो. आमच्या घरीं वही आमच्या स्वाधीन आहे.

ही मोटार फियाट कंपनीची पॅलिओ, त्यांतही १.६ लिटर इंजिनाची. धाकट्या बंधूंनीं ती २००२ सालीं नवी घेतली आणि तेव्हांपासून ती एम. एच. ०८ या रत्नागिरीच्या क्रमांकानेंच वावरत आहे. भारतांत ही गाडी आली २००१ सालीं. तिच्या रूपाला हात लावणारे जुजारो हे इटालीचे नामांकित आकृतिकार, आणि जाहिरातींत उभे असत सचिन तेंडुलकर. बाहेरून पाहिलें तर पांच दारांची साधी घरगुती गाडी. आंत मात्र १५९६ सी. सी.चें, सोळा झडपांचें, सुमारें शंभर अश्वशक्तीचें यंत्र. त्या काळच्या तिच्याएवढ्या बहुतेक गाड्या पन्नास-साठ अश्वशक्तींवर समाधान मानीत. एखाद्या कुटुंबवत्सल गृहस्थानें धोतराखालीं लंगोट कसून ठेवावा, तसा हा प्रकार. पांच माणसांनिशीं आंबा घाट ती तिसऱ्या गिअरमध्यें हंसत चढते, हें तिचें सुख. पेट्रोल बेतानें पिणें तिला जमत नाहीं, हें त्या सुखाचें मोल.

महाराष्ट्रांतल्या घरांना फियाट हें नांव परकें कधींच वाटलें नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० बाहेर पडूं लागली, आणि तीच पुढें १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघरीं पोंचली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी, वयाची वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळें, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेखच लिहिले. पॅलिओही प्रथम कुर्ल्याच्याच आवारांत तयार होत असे. पुढें २०२० सालीं नवे प्रदूषणनियम आले, त्या सुमारास फियाट या नांवाची नवी मोटार भारताच्या बाजारांतून गेली. आतां तिचे भाग हवे असल्यास पुन्हा कुर्ल्यासच जावें लागतें. फरक इतकाच, कीं पूर्वीं कारखान्यांत जात, आतां मोडीच्या दुकानांत जातात. जो भाग तेथेंही मिळत नाहीं, तो कोल्हापूरच्या उद्यमनगरांत नमुना दाखवून लेथवर करून घेतां येतो. कोल्हापूरचा कारागीर वस्तु हातांत घेऊन दोनदां फिरवितो, आणि "संध्याकाळीं या" म्हणतो. हें भाग्य मुंबईकरास नाहीं.

गेल्या वैशाखांत या गाडीवरून घरांत वाद झाला. पुतण्याचें म्हणणें, "काका, हिला आतां निरोप द्यावा. एकेका रबरासाठीं आठ-आठ दिवस फोन करावे लागतात." त्यावर धाकटे बंधू उसळून म्हणाले, "दादा, हिचें इंजिन अजून ठणठणीत आहे. आजच्या नव्या गाड्यांना हा जोर आहे का?" दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत होते. इतक्यांत सूनबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनीं शांतपणें विचारलें, "काका, दोन्ही मुलांना मागें बसवून पावसांत आंबा घाट उतरायचा झाला, तर या गाडीवर तुमचा विश्वास आहे का?"

प्रश्न रास्त होता, आणि इंजिन ठणठणीत असल्यानें त्याचें उत्तर मिळत नव्हतें.

जुन्या मोटारीचे मालक, विशेषतः जोरदार मोटारीचे मालक, येथेंच फसतात. त्यांचें सारें लक्ष इंजिनाकडे. वास्तविक मोटार जिवावर बेतते ती इंजिन बंद पडल्यानें नव्हे. तेव्हां ती नुसती उभी राहते. ती जिवावर बेतते ब्रेक, टायर आणि तळाचा पत्रा यांमुळें. जुन्या जीपगाडीला खालीं वेगळा पोलादी सांगाडा असे व त्यावर शरीर बसविलेलें असे. आपल्या घरगुती मोटारींना तसा वेगळा सांगाडा नसतो; घडी घालून जोडलेला पत्रा हाच त्यांचा सांगाडा. म्हणून दाराखालचा उंबरठा किंवा चाकाच्या दांड्या जेथें जोडलेल्या असतात ती जागा गंजली, तर तो कातडीचा रोग नव्हे, हाडाचा आहे. वरून रंग कितीही चकचकीत असला तरी आघात झाल्यास असा पत्रा पापडासारखा मोडतो.

आणि गंजाला रत्नागिरीसारखें माहेर नाहीं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आठ महिने दमट हवा, आणि मांडवी-भाट्याकडून येणारा खारा वारा. देशावरच्या गाडीला जें वीस वर्षांत होतें तें येथें दहांत होतें. त्यांतही चालत्या गाडीपेक्षां उभी गाडी लवकर जाते. पुष्कळ घरांतून अशी समजूत असते कीं पावसाळ्यांत गाडी ताडपत्रीखालीं झांकून ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहिली. ताडपत्रीनें पाऊस अडतो, पण जमिनींतून वर येणारी ओल तिच्याखालीं कोंडून राहते आणि गाडी चार महिने वाफारा घेत बसते. त्यापेक्षां वर छप्पर, चारी बाजूंनीं वारा, आणि खालीं मातीऐवजीं जांभ्याची फरशी असावी. नारळाखालीं गाडी ठेवूं नये हें कोंकणांत सांगावयास नको. फणसाखालीं मात्र लोक ठेवतात! प्रत्येक दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोंकें असतात; तीं पालापाचोळ्यानें बुजलीं कीं दारांत पाणी सांठतें व दार आंतून कुजतें. खराट्याचा एक हीर घेऊन महिन्यांतून एकदां तीं मोकळीं करावींत. या कामास मेस्त्री लागत नाहीं. आमच्या घरीं तें दहा वर्षांच्या नातवाकडे आहे, आणि त्यास तें ज्ञानेश्वरी-पाठांतराहून अधिक आवडतें. आरे-वारेच्या किनाऱ्यानें गणपतीपुळ्यास जाऊन आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानें धुवावी. उंदरांचा बंदोबस्त निराळा. पावसांत ते इंजिनाच्या उबेला येतात आणि तारा कुरतडतात.

आठवड्यांतून एकदां तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नेऊन आणावी. अंगणांतल्या अंगणांत पांच मिनिटें इंजिन सुरू ठेवून "गाडी चालती ठेवली" असें समजणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यानें बॅटरी पुरती भरत नाहीं, आणि धुराच्या नळींतलें व तेलांतलें पाणी उडून न जातां तेथेंच राहतें. हातखंब्यापर्यंत जाऊन परत यावें, हें बरें.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. २०२५ सालापर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आलें. इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि लिटरमागें त्यांतून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश कमी असते. म्हणून गाडी थोडें अधिक पेट्रोल पिते, हा तोटा सहन करण्याजोगा आहे. खरा धोका जुन्या रबरी नळ्यांचा. तें रबर या मिश्रणासाठीं केलेलें नव्हतें. तें फुगतें, नरम पडतें, भेगाळतें, आणि तापलेल्या इंजिनाशेजारीं पेट्रोल ठिबकूं लागलें तर पुढचें सांगावयास नको. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्या. खर्च थोडा, आणि झोंप चांगली लागते. टायमिंग बेल्टचेंही असेंच. तो दांतेरी रबरी पट्टा झडपांचा व दट्ट्यांचा ताल सांभाळतो. तो तुटला तर सोळा झडपांच्या या इंजिनांत झडपा दट्ट्यांवर आदळतात आणि ठणठणीत इंजिन क्षणांत भंगार होतें. गाडी कमी चालली म्हणून त्याचें आयुष्य वाढत नाहीं. त्याचीं वर्षें मोजावींत.

ब्रेकच्या तेलाविषयीं मात्र आम्हांस सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण सूनबाईंचा प्रश्न घाटाचा होता. हें तेलही हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि जितकें पाणी अधिक तितकें तें कमी उष्णतेस उकळतें. घाट उतरतांना एकसारखा ब्रेक दाबून ठेवला म्हणजे चाकें तापतात, तेल उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय खालीं जातो पण गाडी थांबत नाहीं. म्हणून दमट कोंकणांत तें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें, मग गाडी किती का थोडी चालली असेना. आणि ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा. गाडीला इंजिनानें आवरूं द्यावें. टायर पाहतांना केवळ नक्षी पाहूं नये. टायरच्या कडेला चार आंकडे एकत्र कोरलेले असतात. २३१९ असें असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. नक्षी शाबूत असूनही रबर वयानें ताठ होतें व ओल्या रस्त्यावर घसरतें. आमच्या वहींत सहा वर्षांपुढच्या टायरला जागा नाहीं.

वादानंतर चौथ्या दिवशीं गाडी रॅम्पवर चढविली आणि आम्ही स्वतः खालीं उभे राहिलों. मेस्त्री टोकदार हत्यारानें पत्रा टोचत गेला. डाव्या उंबरठ्याच्या मागच्या टोकाला तळहाताएवढी जागा गेली होती, आणि मागच्या बैठकीखालीं तळाला एक भोंक होतें. चाकांच्या दांड्यांच्या जागा चारी बाजूंस घट्ट निघाल्या. त्या जर गेल्या असत्या, तर बंधूंची समजूत घालण्याचें कठीण काम आम्हांस करावें लागलें असतें; त्यापुढें गाडी ठेवणें ही हौस नव्हे, हेका आहे. एका ठिकाणीं उंबरठ्यांत लांबी भरून वरून काळा रंग मारून देण्याची तयारी दाखविली होती. तसें केल्यानें भोंक दिसेनासें होतें आणि गंज आंत निर्वेधपणें वाढतो. आम्हीं कुजलेला पत्रा कापून तेथें नवा वेल्ड करून घेतला, आणि आंतून मेण फवारलें. तो खर्च त्या वर्षाच्या वहींत सर्वांत मोठा आहे, आणि तो बाहेरून कोणासही दिसत नाहीं.

कायद्याविषयीं थोडक्यांत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून व पर्यावरण कर भरून ती वाढवितां येते. दिल्लीकडील बंदीच्या बातम्या वाचून येथील मंडळी उगाच घाबरतात. ते निर्बंध राजधानीच्या परिसरापुरते आहेत. मात्र वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्यें १०,००० रुपये करण्यांत आली आहे. आमच्या गाडीचें पुढचें नूतनीकरण २०२७ सालचें. तें पैसे आतांपासूनच निराळे काढून ठेवीत आहों.

सूनबाईंना उत्तर द्यावयाचें होतें तें आम्हीं सर्वांसमक्ष दिलें. गाडीचा तळ, ब्रेक व टायर यांवर आमचा आतां विश्वास आहे. परंतु जी वस्तु तिच्यांत मुळांतच नाहीं ती कोणत्याही मेस्त्रीला घालतां येणार नाहीं. चालकाची एअरबॅग नव्या मोटारींना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या बैठकीची त्यानंतर. आमची गाडी त्यापूर्वींची, आणि तिच्यांत त्या नाहींत. म्हणून मुलांना घेऊन महामार्गाचा लांबचा प्रवास, रात्रीचा प्रवास व पावसांतला घाट पुतण्याच्या नव्या गाडीनें व्हावा. गांवांतलीं कामें, पांवसची वारी आणि कोरड्या दिवसांत उजेडीं कोल्हापूर, हें जुन्या गाडीकडे. मागें बसणाऱ्यानेंही पट्टा लावल्यावांचून चाक हलावयाचें नाहीं. सूनबाईंनीं मान डोलाविली. बंधू दोन दिवस आमच्याशीं बेताचें बोलले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते पाण्याची बादली घेऊन गाडीखालीं शिरलेले दिसले. मागच्या दोन दारांचीं रबरें कुर्ल्याहून अद्याप आलीं नाहींत. मृगापूर्वीं आलीं तर बरें.