आधी ब्रेक, मग मोटर

रिमोटची गाडी वळणावर गरकन फिरली की आपली पोरं मोटरला नावं ठेवतात, आणि मेसचं बिल थकवून नवी आणतात! अरे, पण ट्रान्समीटरवरचा ब्रेकचा आकडा पाहिलात का? तो १०० टक्क्यांवरच असतो. पावसचा सडा म्हणजे जांभ्याची बारीक खडी, पकड मुळात कमी. मोटर मागच्या चाकांना असेल तर ब्रेकही मागेच लागतो. चाकं जाम होतात, शेपूट फिरतं. म्हणून ट्रिम शून्यावर, थ्रॉटल आणि ब्रेक दोन्ही १०० वर ठेवून आधी स्पीड कंट्रोलर कॅलिब्रेट करा. मग एकटा ब्रेक पाच-पाचने उतरवा, गाडी सरळ थांबेपर्यंत. क्रम उलटा केलात तर कंट्रोलर त्या कमी ब्रेकलाच पूर्ण ब्रेक समजतो, मेहनत फुकट. एवढ्यानंतरही मोटर हवीच असेल तर घ्या बापडे. बिल भरून!